संकल्पाला पान मिळतं, उद्यापनालाही मिळावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या १ जानेवारीच्या पुरवणीत नव्या वर्षाच्या बारा महिन्यांसाठी बारा संकल्प अशी एक चौकट होती. जानेवारीत व्यायामशाळा, फेब्रुवारीत नवी भाषा, मार्चमध्ये एकट्याने प्रवास, असं करत डिसेंबरपर्यंत. ती चौकट मी कापून ठेवली आहे. त्याच दिवशी आपल्याला लिहायचं मनात होतं. पण माझं स्वतःचं असंच एक वर्ष तेव्हा चालू होतं, अडीच महिने बाकी होते, आणि काम पुरं झाल्याशिवाय त्याचा रिपोर्ट द्यायची मला सवय नाही. गेल्या आठवड्यात पाडव्याला, १९ मार्च २०२६ला, ते पुरं झालं. म्हणून आज लिहितो. पत्र लांबलं आहे. जागा नसेल तर खुशाल कापा, फक्त भावाच्या पत्रांचा आणि बायकोच्या महिन्याचा भाग राहू द्या.

मी टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर धातू कातणारा. आयटीआय करून १९८६ साली वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये लागलो. आता तिथे काचेच्या इमारती आणि कॉम्प्युटरवाल्यांची ऑफिसं झाली आहेत, पण तेव्हा रोड नंबर सोळापासून पुढे सगळ्या शेडमधून कटिंग ऑइलचा वास यायचा. एकोणचाळीस वर्षं लेथवर काढली. गेल्या वर्षी २९ मार्चला, शनिवारी, शेवटचं पंचिंग केलं. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. गुढी उभारून कोपिनेश्वराच्या देवळापासून निघणारी स्वागतयात्रा बघायला गेलो, दुपारी श्रीखंड-पुरी जेवलो, आणि चार वाजता एकदम ध्यानात आलं की उद्या सकाळी कुठे जायचं नाही, परवाही नाही. हात रिकामे असले की मला बरं वाटत नाही.

आमच्याकडे कुठलाही जॉब मशीनवर चढवायच्या आधी त्याचं कार्ड यायचं. त्यावर माप, माप किती इकडेतिकडे चालेल ती सूट, नग किती, मुदत कधीपर्यंत. सूट नसलेलं माप ड्रॉइंगवर नसायचंच. पंचवीस मिलीमीटरचा शाफ्ट नेमका पंचवीस कुणाच्याच बापाला कातता येत नाही, उणे ०.०२ चालेल असं लिहिलेलं असतं म्हणून तो पास होतो. शेवटी इन्स्पेक्शनचा शिक्का: पास, रिवर्क किंवा रिजेक्ट. त्या संध्याकाळी मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूंची बारा कार्डं कापली आणि त्यावर चैत्र ते फाल्गुन अशी नावं घातली. मराठी महिने का, तर पगाराचा महिना संपला होता. आता उरला होता तो आईचा महिना.

आईबद्दल सांगायला हवं, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. आषाढी एकादशीला आई एक नेम धरायची आणि कार्तिकीला सोडायची. एका वर्षी गोपद्मं: रोज तुळशीपुढे रांगोळीने तेहतीस. एका वर्षी मुक्याने जेवण. एका वर्षी नुसती वांगी सोडली. नेम लहान असायचा आणि दिवस मोजलेले असायचे. कहाणी वाचताना ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ हे ती मोठ्याने म्हणायची, पण टाकायचा नाही म्हणजे चुकायचा नाही असा अर्थ तिने कधी लावला नाही. गोपद्मांच्या वर्षी तिला दोन दिवस हिवताप भरला. तिसऱ्या दिवशी उठून तिने नव्व्याण्णव गोपद्मं काढली. चिडचिड नाही की आता सगळं वाया गेलं म्हणून रडणं नाही. आणि कार्तिकीनंतर उद्यापन. शेजारच्या काकूंना जेवायला बोलावलं, चोळीचा खण दिला, तिथे तो नेम संपला. पुढच्या वर्षी दुसरा.

संपादक महाशय, आपल्या चौकटीत बारा संकल्प होते, उद्यापन एकही नव्हतं. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती मनापासून आहे. काय सुरू करायचं ते सगळे सांगतात. ते कधी संपलं म्हणायचं, किती चुकलेलं चालेल आणि संपल्यावर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मग माणूस १५ जानेवारीला गुपचूप सोडून देतो आणि वर्षभर स्वतःला कमी लेखतो. माझ्या खात्यात चांगली चांगली पोरं अशी दरवर्षी हिरमुसलेली मी पाहिली आहेत.

चैत्राचं कार्ड सोपं होतं. रोज पहाटे चाळीस मिनिटं चालणं, सूट सहा दिवस. आम्ही वर्तकनगरला राहतो, तिथून उपवनला जाऊन तळ्याभोवती फेऱ्या मारून परत. हिशेब ठेवायला भिंतीवरच्या कॅलेंडरशिवाय काही घेतलं नाही. दूध आलं नाही की आपण त्या तारखेच्या चौकोनात खाडा मांडतो ना, तसाच चालण्याचा खाडा मांडायचा. एकाच चौकोनात वर दुधाचा, खाली माझा. महिन्याच्या शेवटी दूधवाल्याचे दोन खाडे होते, माझे पाच. कार्ड पास.

माझी मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिला हे सांगितलं तर तिने मला एक अभ्यास समजावून दिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांना रोज एक नवी गोष्ट करायला लावली, जेवणाबरोबर फळ खाणं किंवा थोडं धावणं अशासारखी, आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते बारा आठवडे पाहिलं. साधारण ६६ दिवस निघाले. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा त्यांचा हिशेब निघाला. एकवीस दिवसांत सवय लागते असं जे सर्रास छापून येतं, ते मुळात एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली आपल्या रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तितके दिवस लागतात म्हणून लिहिलेलं निरीक्षण आहे. त्याचा चालण्याशी किंवा साखर सोडण्याशी संबंध नव्हता. पण मला सगळ्यात पटलं ते वेगळंच. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या कामात फारसा फरक पडत नाही, हे त्या अभ्यासात दिसलं होतं. मी मुलीला म्हटलं, तुझ्या आजीला हे ठाऊक होतं. ती म्हणाली, बाबा, आजीने मोजून दाखवलं नव्हतं. दोघांचंही बरोबर आहे.

वैशाखात मी चूक केली. चहातली साखर बंद, असं कार्ड लिहिलं. टूलरूममध्ये दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे, ही माझी जुनी खोड, आणि डॉक्टरांनी ‘तीन महिन्यांची साखर’ करायला लावली ती ७.६ आली होती. नेम योग्य होता, महिना चुकला. वैशाख म्हणजे लग्नं, पाहुणे, आमरस. तीस दिवसांत चौदा खाडे. कार्ड रिजेक्ट. शिवाय मी महिना संपल्याबरोबर रक्त द्यायला निघालो, तर डॉक्टरांनी थांबवलं. त्यांनी सांगितलं की ही तपासणी लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते, त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेव्हा एका महिन्याचं पुण्य त्यात नीट दिसायचं नाही. हे मला फार उपयोगी पडलं. काही कामांचं माप महिन्याच्या पट्टीवर बसत नाही. मग कार्डावर निकाल न लिहिता कृती लिहायची. ‘साखर सातच्या खाली’ हे कार्ड नव्हे, ‘चहा बिनसाखरेचा’ हे कार्ड. तोच नेम मी पुढे कार्तिकात पुन्हा घेतला, तेव्हा चारच खाडे झाले, आणि नंतरही तो तसाच चालू राहिला. फाल्गुनात रिपोर्ट ६.९ आला.

वैशाखाच्या शेवटी आणखी एक झालं. २६ मेलाच मुंबईत पाऊस दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, निदान पंचाहत्तर वर्षांतला सगळ्यात लवकरचा. माझं चालणं नेम म्हणून संपलं होतं, पण पाय निघायचेच. छत्री घेऊन गेलो. उपवनला नेहमीची सातआठ माणसं होतीच.

ज्येष्ठात बँकेची आणि विजेच्या बिलाची कामं मोबाइलवर स्वतः करायला शिकलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मुलाला ऑफिसात फोन करून विचारायचं बंद झालं, एवढंच. आषाढात रात्रीचं जेवण आठच्या आत.

श्रावणात वाचन. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे हे मला शाळेपासून ठाऊक, पण एकोणचाळीस वर्षं त्याच गावात राहून मी सभासद नव्हतो. रोज पंचवीस पानं, सूट पाच दिवस. आयटीआयची पुस्तकं सोडली तर मी पुस्तक म्हणून शेवटपर्यंत वाचलेलं काही आठवत नव्हतं. पहिले आठ दिवस तिसऱ्या पानाला डोळे मिटायचे. मग मी उभ्याने वाचायला लागलो, गॅलरीत, लेथवर उभा राहायचो तसा. उभं राहिल्यावर माझं लक्ष लागतं, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तीन पुस्तकं पुरी झाली. उद्यापन म्हणून खालच्या मजल्यावरच्या दोन मुलींची वर्गणी भरली. उद्यापनाला आपल्याकडचं काहीतरी दुसऱ्याकडे गेलं पाहिजे, हा आईचा नियम मी बाराही महिने पाळायचा प्रयत्न केला.

आता भाद्रपद.

मला एक धाकटा भाऊ आहे. तो गावी असतो. आमचं चिऱ्याचं जुनं घर दोघांचं. २०१६ साली त्याने पडवीच्या मधोमध भिंत घातली. मला न विचारता घातली हे खरं, पण त्यावर मी काय केलं तर ठाण्याच्या वकिलाकडून त्याला नोटीस पाठवली. सख्ख्या भावाला रजिस्टर पत्राने. तेव्हापासून बोलणं बंद, आणि गणपतीला मी गावी गेलो नाही. नऊ वर्षं. दर वर्षी चतुर्थीला आम्ही ठाण्यातच मूर्ती आणायचो आणि घरात कुणी त्याचं नाव काढायचं नाही.

भाद्रपदाच्या कार्डावर आधी मी लिहिलं होतं: ‘राग कमी करणे.’ दोन दिवस ते कार्ड बघत बसलो. राग कमी म्हणजे किती? कशाने मोजायचा? असं ड्रॉइंग माझ्याकडे आलं असतं तर मी फोरमनकडे परत पाठवलं असतं. मग खोडून लिहिलं: भावाला रोज एक कार्ड. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांत मिळत होतं. पोस्टात जाऊन तीस घेतली, खिडकीवरची मुलगी म्हणाली, काका, एवढी कुणी नेत नाही आता.

पहिल्या कार्डावर फक्त नोटिशीबद्दल लिहिलं. चुकलं माझं, एवढंच. पुढे काय लिहायचं हा प्रश्न होता. मग मी रोजचं काहीही लिहायला लागलो. आज गौरी बसल्या. आज पावसाने गाड्या बंद. आईच्या हाताची घावनं आठवली. दादांनी विहिरीवर रहाट बसवला तेव्हा तू किती वर्षांचा होतास? उत्तर मागायचं नाही, असं ठरवलं होतं. सर्वपित्री अमावास्येपर्यंत सव्वीस कार्डं गेली, खाडे दोन. उत्तर एकही आलं नाही. गणना पाहिली तर माप दिलेल्या सूट-मर्यादेच्या आत होतं, पण मी त्यावर पास लिहू शकलो नाही. कार्ड तसंच बिनशिक्क्याचं ठेवलं.

आश्विनात दिवाळीच्या आत घरातल्या नऊ दुरुस्त्या. मोरीचा नळ, कपाटाचं बिजागर, पंख्याचा आवाज. कार्तिकातली साखर मघाशी सांगितली.

मार्गशीर्षाने मला सगळ्यात आनंद दिला. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा आयटीआयला आहे, फिटर ट्रेडला. त्याला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, वाचता येत नव्हता. आता आकडा पडद्यावर दाखवणारे डिजिटल व्हर्नियर आले आहेत, म्हणून शिकवणारेही घाई करतात. मी त्याला म्हटलं, रविवारी ये. तो आणखी तिघांना घेऊन आला. चार रविवार, चार पोरं, महिन्याच्या शेवटी प्रत्येकाने दहा मापं बिनचूक सांगायची, हे कार्ड. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलीमीटरचे सरकत्या पट्टीवर ५० भाग केलेले असतात, म्हणून एका भागाचा फरक ०.०२ मिलीमीटर, हे मी त्यांना सांगितलं नाही, मोजायला लावलं. दुसऱ्या रविवारी एकाच्या तोंडून आपोआप निघालं, ‘अरे, म्हणजे रेघ कुठे जुळते ते बघायचं!’ मला स्वतःला हे १९८५ साली कळलं होतं तेव्हाचा दिवस आठवला. शेवटच्या रविवारी चारही पोरांनी दहाच्या दहा मापं दिली. माझा मिटुटोयोचा व्हर्नियर, १९९४ साली पहिल्या बोनसमधून घेतलेला, त्या मुलाला दिला. घरात पडून राहिला असता.

पौषात शुभकार्यं नसतात, तेव्हा खर्चाची वही. १ जानेवारी त्यातच आला आणि आपली चौकट वाचली. मुलीकडून आणखी एक कळलं. हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या तिघांचा २०१४ सालचा अभ्यास आहे, त्यात आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोक व्यायामशाळेत जास्त जातात असं दिसलं. नव्या पानावर अक्षर चांगलं येतं, तसंच हे. मग माझ्या डोक्यात आलं, वर्षातून एकदाच नवं पान का उलटायचं? बारा प्रतिपदा आहेत. एक महिना फसला तर पुढची प्रतिपदा तीस दिवसांच्या आत येते.

आणि माघ. इथे मला बायकोबद्दल लिहायचं आहे, तिला विचारून लिहितो.

पौषाच्या अमावास्येला मी पुढचं कार्ड लिहायला बसलो होतो. ती चहाचे दोन कप घेऊन आली, एक साखरेचा, एक बिनसाखरेचा. म्हणाली, ‘अहो, माघ मला द्या.’ मी म्हटलं, तुझं कार्ड लिहू का? ती म्हणाली, ‘माझं नको. तुमचंच लिहा, पण मी सांगते ते.’ मग शांतपणे तिने मोजून दाखवलं. मी पहाटे चालायला जाणार म्हणून ती पाचला उठून दूध तापवते. चहा दोनदा करते. जेवण आठच्या आत हवं म्हणून तिची संध्याकाळची मालिका गेली, त्याहून वाईट म्हणजे शेजारणींबरोबर खाली बसणं गेलं. रविवारी चार पोरांना पोहे. पोस्टकार्डांच्या महिन्यात मी रोज रात्री तिला मजकूर वाचून दाखवायचो आणि तिची झोप जायची. ‘तुमची दहा महिन्यांची प्रगती झाली,’ ती म्हणाली, ‘माझा एक तास गेला रोज.’

मला उत्तर नव्हतं. आजही नाही. आपल्या चौकटीतल्या बाराही संकल्पांना वेळ लागतो, पण तो घरातल्या कोणाच्या दिवसातून निघतो ते त्यात नव्हतं. माझ्या कार्डांवरही नव्हतं. एखाद्या घरातला पुरुष स्वतःला सुधारायला निघतो तेव्हा ओट्याजवळ उभी असलेली बाई त्याचं भाडं भरते, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे आणि सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

माघाचं कार्ड: संध्याकाळचा स्वयंपाक रोज मी करायचा, ओटा पुसण्यासकट. सूट शून्य. हे शून्य तिने लिहिलं. पहिला आठवडा मी रोज फोनवर मुलीला विचारत होतो. आमटीला फोडणी जमली, भाकरी जमायला वीस दिवस लागले. पीठ किती गरम पाण्यात मळायचं आणि तवा किती तापलेला हवा हे दोन्ही एकाच वेळी सांभाळावं लागतं, लेथवर स्पीड आणि फीड सांभाळतात तसं, आणि ते पुस्तकात लिहिता येत नाही. हाताला कळावं लागतं. तिने त्या दोन तासांत पेटीचा क्लास लावला. लग्नाआधी माहेरी वाजवायची, १९९२ नंतर हात लावला नव्हता. महाशिवरात्रीला आमच्याकडच्या भजनात तिने एक अभंग वाजवला. मी खिचडी परतत होतो, आतूनच ऐकला.

माघ संपला, पण स्वयंपाक सोडायची परवानगी मला मिळाली नाही आणि मागायचीही नव्हती. आता आठवड्यातले चार दिवस माझे.

फाल्गुनाचं कार्ड मी कोरं ठेवलं. कारखान्यात वर्षातून एकदा शटडाऊन असतो, मशीन उघडून साफ करतात, तेल बदलतात, त्या दिवसांत उत्पादन शून्य. ज्यांना प्रत्येक महिन्यात काहीतरी मिळवायचंच आहे त्यांना माझी विनंती आहे की एक महिना तरी असा ठेवावा. मी नुसता बसून मागची कार्डं वाचली. अकरापैकी नऊ पास, एक रिजेक्ट, एक बिनशिक्क्याचं.

आपल्याकडे मागणं एकच आहे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचकांच्या पत्रांतली पाव पान जागा उद्यापनासाठी ठेवा. ज्याने त्या महिन्यात काही धरलं आणि पुरं केलं, किंवा धरलं आणि फसलं, त्याने पाचदहा ओळींत लिहावं: काय होतं, किती खाडे झाले, कशामुळे, आणि शेवटी दुसऱ्या कुणाला काय दिलं. फसलेल्यांची पत्रं आधी छापा. तज्ज्ञांचे सल्ले पुष्कळ मिळतात. पाचपाखाडीतल्या एखाद्या बाईंनी चाळिशीत सायकल शिकताना कुठल्या रस्त्यावर भीती वाटली, कळव्याहून रोज लोकल पकडणाऱ्या मुलाला अभ्यासाला कुठला डबा बरा पडला, हे मला वाचायचं आहे. त्यातलं मला उचलता येईल.

आता त्या बिनशिक्क्याच्या कार्डाचं.

माघात, वसंत पंचमीच्या सुमारास, भावाचं पोस्टकार्ड आलं. त्याचं अक्षर अजून तसंच, उजवीकडे कललेलं. नोटिशीबद्दल एक शब्द नाही, भिंतीबद्दल नाही. लिहिलं होतं: ‘पडवीची कौलं दोन्ही बाजूंनी गळतात. मे महिन्यात शाकारणीला माणूस मिळत नाही. येतोस का.’ पुढे प्रश्नचिन्हही नव्हतं. खाली एक ओळ: रहाट बसवला तेव्हा मी सात वर्षांचा होतो.

या वर्षी अधिक महिना आहे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं, दरसाल अकरा दिवस मागे पडतात, ते साठत जाऊन दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना धरतात. यंदा तो ज्येष्ठाच्या आधी येतो, १७ मे ते १५ जून. आमच्या घरात त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ते बायको करणार आहे, तांदूळ मी भिजत घालणार. माझं तेराव्या महिन्याचं कार्डही लिहून झालं आहे. जॉब: पडवीची कौलं, दोन्ही बाजू. नग: मोजलेले नाहीत. मुदत १५ जूनपर्यंत लिहिली होती, पण गेल्या वर्षी पाऊस मेमध्येच आला, म्हणून ती खोडून मे अखेर केली आहे. १७ तारखेला रविवार आहे. त्या दिवशीच निघतो.

आपला,
एक निवृत्त टर्नर
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)